बुद्धवंदनेला स्वर देणारे मास्टर कृष्णराव

विहारात, वसतिगृहात, विवाहमंडपात किंवा शोकसभेत बौद्ध समाज एकत्र येतो, तेव्हा पहिला उच्चार वंदनेचा असतो. त्रिशरण, पंचशील आणि त्रिरत्नांची वंदना लहानथोर एका सुरात म्हणतात. या वंदनेचे शब्द पाली आहेत आणि त्यांची परंपरा भिक्खुसंघाने जपलेली आहे. परंतु 1956 साली महाराष्ट्रात लक्षावधी माणसे या शब्दांकडे वळू लागली, तेव्हा ते शब्द त्यांच्या ओठांवर नवे होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेला संगीताची बैठक देण्याचे काम एका अशा गायकाने केले, जो बौद्ध नव्हता, आणि ज्याचा जन्म आळंदीच्या एका ब्राह्मण वैदिक घराण्यात झाला होता. त्यांचे नाव कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. महाराष्ट्र त्यांना मास्टर कृष्णराव या नावाने ओळखतो.

आमच्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर सरळ आहे. दुभंगलेल्या समाजांना जोडण्याचे अनेक मार्ग थोरांनी दाखविले. कायदा, शिक्षण आणि चळवळ हे त्यांतील प्रमुख. त्यांच्या बरोबरीने एक लहान वाट समूहगानाची आहे. ती वाट कोठपर्यंत नेते आणि कोठे थांबते, हे कृष्णरावांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. शिवाय सावनेरच्या भूमीला मराठी रंगभूमीचा इतिहास परका नाही. नाटककार राम गणेश गडकरी यांनी 23 जानेवारी 1919 रोजी याच गावी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर ज्या गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, त्याच मंडळीत पुढे कृष्णरावांच्या प्रतिभेला बहर आला.

कृष्णरावांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी देवाच्या आळंदीत झाला. आळंदी म्हणजे ज्ञानेश्वरांचे समाधिस्थान. टाळ, मृदंग आणि अभंग यांच्या सान्निध्यात त्यांचे बालपण गेले. दिंडीत एकाने चरण घ्यावा आणि मागे शंभरांनी तो उचलावा, हे समूहगानाचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने आणि सर्वांत जिवंत रूप होय. मात्र त्याच वारकरी परंपरेत चोखोबांना पंढरीच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. आणि सर्वांसाठी ते दार उघडण्यास 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. शतकानुशतके एका सुरात गाणारी माणसे एका उंबरठ्याच्या आत येऊ शकली नाहीत. समूहगानाचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कोवळ्या वयातच कृष्णरावांच्या गळ्याची कीर्ती पसरली. त्यांनी नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत प्रवेश केला आणि ‘संत सखू’ या नाटकातील भूमिकेने ते बालनट म्हणून गाजले. त्या मंडळीत सवाई गंधर्वांसारख्या थोर गायकाचा सहवास त्यांना लाभला. परंतु त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती भास्करबुवा बखले यांच्या शिष्यत्वाने.

भास्करबुवांचे शिक्षण हाच एक मोठा धडा आहे. बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ हे त्यांचे तीन गुरू. मराठी ब्राह्मण घरातील मुलगा तीन मुसलमान उस्तादांच्या पायाशी बसून विद्या घेतो, त्यांचे उच्चार, त्यांच्या बंदिशी, त्यांचे शिस्तीचे नियम शिरोधार्य मानतो आणि ती विद्या घेऊन पुण्यात येतो. 1911 साली त्यांनी तेथे गायनाची संस्था उभारली. ती भारत गायन समाज या नावाने प्रसिद्ध आहे. कृष्णरावांनी अशा गुरूजवळ अनेक वर्षे तालीम घेतली. ज्याच्याजवळ विद्या आहे त्याच्यासमोर नम्र व्हावे, त्याची जात आणि धर्म विचारू नये, हा संस्कार त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळालेला नव्हता. तो गुरूच्या वर्तनातून मिळाला होता. 1922 साली भास्करबुवांचे निधन झाले. त्यानंतर भारत गायन समाजाची धुरा कृष्णरावांनी दीर्घकाळ सांभाळली.

बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत कृष्णराव नट, गायक आणि संगीतरचनाकार अशा तिन्ही नात्यांनी वावरले. ‘सावित्री’, ‘मेनका’, ‘आशा-निराशा’, ‘अमृतसिद्धी’ अशा नाटकांना त्यांचे संगीत लाभले. 1931 साली रंगभूमीवर आलेल्या ‘कान्होपात्रा’ या नाटकाच्या संगीतातही त्यांचा मोठा वाटा होता. या नाटकात बालगंधर्व चोखोबांचा जोहाराचा अभंग गात असत आणि तो ऐकताना प्रेक्षागृह गहिवरून जात असे.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. जोहार हा केवळ एक शब्द नव्हता. वरच्या मानलेल्या जातींसमोर महारांनी वाकून करावयाचा तो नमस्कार होता. ज्या काळात शहरातील नाट्यगृहात तो अभंग ऐकून डोळे पाणावत होते, त्याच काळात गावागावांत तोच जोहार जिवंत माणसांकडून सक्तीने घेतला जात होता. बाबासाहेबांच्या चळवळीने तो टाकून देण्यास समाजाला शिकविले आणि त्या जागी जय भीमचा ताठ मानेने केलेला अभिवादनाचा उच्चार आला. नाट्यगृहातील गहिवर खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु दुसऱ्याचे दुःख सुरेल करून ऐकणे आणि ते दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृष्णरावांच्या संगीतप्रवासाची एक बाजू जोहाराच्या अभंगाला टेकलेली आहे, तर दुसरी बाजू त्रिशरणाला. त्या दोहोंमध्ये साधारण पंचवीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात महाराष्ट्रात काय घडले, हे त्या दोन रचनांकडे पाहिले तरी समजते.

चित्रपट बोलू लागल्यावर संगीत नाटकांना उतरती कळा लागली आणि अनेक नाट्यकलावंत चित्रपटाकडे वळले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या अनेक चित्रपटांना कृष्णरावांनी संगीत दिले. त्यांतील दोन चित्रपट आमच्या विषयाशी थेट संबंधित आहेत.

पहिला 1935 सालचा ‘धर्मात्मा’. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्य मानलेल्या माणसांना जवळ घेणारे, त्यांच्या घरी जेवणारे आणि त्यासाठी पैठणच्या कर्मठांचा रोष पत्करणारे एकनाथ या चित्रपटाच्या केंद्रस्थानी होते. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. अभ्यवेक्षकांनी त्याला हरकत घेतली, कारण त्या नावातून गांधीजींची आठवण होत होती. तेव्हा नाव बदलावे लागले. पुणे करार होऊन तीनच वर्षे झाली होती आणि ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पडद्यावर एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवत होते, आणि प्रत्यक्षात अस्पृश्य समाज अशा कृपेची वाट पाहण्याचे थांबवून स्वतःचा मार्ग शोधू लागला होता. ‘धर्मात्मा’चे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सवर्ण प्रेक्षकाला त्याच्याच संताच्या तोंडून त्याच्याच वर्तनाचा जाब विचारण्याचे काम त्या चित्रपटाने केले.

दुसरा चित्रपट 1941 सालचा ‘शेजारी’. त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’ या नावाने निघाली. एका गावातील जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी, जिवाभावाचे मित्र. गावाच्या जमिनीवर धरण उभारू पाहणारा धनिक आपल्या लाभासाठी या दोघांत वितुष्ट पाडतो. गाव दुभंगतो. अखेरीस धरण फुटते आणि एकमेकांना वाचविण्यासाठी धावलेले ते दोन मित्र हातात हात घेऊन मृत्यूला सामोरे जातात. मराठी चित्रपटात पाटलाची भूमिका केशवराव दाते यांनी आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांनी केली. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू मित्राची भूमिका मजहर खान यांनी केली. हिंदू नटाने मुसलमान व्हावे आणि मुसलमान नटाने हिंदू, ही योजना त्या काळात सहज सुचणारी नव्हती. मार्च 1940 मध्ये लाहोरच्या अधिवेशनात मुस्लिम लीगने स्वतंत्र राज्यांची मागणी केली होती आणि देशातील वातावरण दिवसेंदिवस तापत होते.

याच चित्रपटात शांताराम आठवले यांनी लिहिलेले आणि कृष्णरावांनी स्वरबद्ध केलेले ‘लख लख चंदेरी’ हे समूहगीत आहे. मराठी चित्रपटातील समूहगायनाचा तो आजही आदर्श मानला जातो. गावातील सारी माणसे उत्सवाच्या रात्री एकत्र नाचतात आणि गातात. गाण्यात उपदेश नाही, सलोख्याचे व्याख्यान नाही. प्रकाशाने उजळलेल्या रात्रीचा निखळ आनंद आहे. तो आनंद एकट्यादुकट्याच्या गळ्यातून येत नाही, गावाच्या गळ्यातून येतो. गाव फुटले की काय हरवते, हे प्रेक्षकाला त्या गाण्यामुळे कळते.

समूहगान रचणे हे ख्यालगायनाहून वेगळे शास्त्र आहे. ख्यालगायक आपल्या गळ्याची सारी दौलत पणाला लावतो. आलाप, ताना, हरकती, तिन्ही सप्तकांतील संचार यांतून तो आपले वेगळेपण सिद्ध करतो. समूहगानात हे सारे दूर ठेवावे लागते. स्वरांची मर्यादा अशी राखावी लागते की मुलांचा, स्त्रियांचा आणि पुरुषांचा आवाज तेथे सहज पोहोचेल. लय अशी लागते की पावले तिच्यावर पडू शकतील. श्वास कोठे घ्यावा हे चालीतच सांगितलेले असावे लागते, कारण शंभर माणसांनी एकाच वेळी श्वास घेतला नाही तर शब्द तुटतात. ज्याला गाता येत नाही त्यालाही सामावून घेण्याइतकी चाल उदार असावी लागते आणि ज्याला उत्तम गाता येते त्याने आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळू द्यावा लागतो. कृष्णरावांचा गळा चपळ, खेळकर आणि अनपेक्षित वळणे घेणारा होता. अशा गायकाने स्वतःचे कसब बाजूला ठेवून सामान्य माणसाच्या गळ्याचा विचार करावा, यात कलेइतकाच स्वभावाचाही भाग होता.

या विचाराची मोठी कसोटी लागली ती ‘वंदे मातरम्’च्या निमित्ताने. कृष्णराव आपल्या मैफलींत हे गीत गात असत. पारतंत्र्याच्या काळात मुंबईच्या रेडिओ केंद्रावर त्यांनी ते गावयास आरंभ करताच प्रक्षेपण बंद करण्यात आले. त्यांनी रेडिओवर गाणेच सोडले आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते व्रत पाळले. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला. ‘वंदे मातरम्’ मोठ्या समुदायाने म्हणण्यास अवघड आहे आणि बँडवर नीट वाजविता येत नाही, असा आक्षेप होता. कृष्णरावांनी झिंजोटी रागाच्या आधाराने सुटसुटीत चाल बांधली. बँडसाठी तिचे पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन करून घेतले. दिल्लीस जाऊन पंडित नेहरू आणि घटना समितीचे सभासद यांच्यापुढे तिचे प्रात्यक्षिक दाखविले. हे गीत सर्वांना एकत्र गाता येते, हे त्यांनी सप्रयोग सिद्ध केले.

तरीही निर्णय त्यांच्या मनासारखा झाला नाही. 24 जानेवारी 1950 रोजी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला. प्रश्न केवळ चालीचा नव्हता. या गीताच्या उत्तरार्धातील देवीच्या वर्णनाविषयी मुसलमान समाजातील अनेकांची हरकत होती आणि म्हणूनच काँग्रेस कार्यकारिणीने 1937 सालीच त्याची पहिली दोन कडवी स्वीकारण्याचे ठरविले होते. चाल सोपी करता येते. पण ज्याच्या मनात शब्दांविषयी संकोच आहे, त्याचा संकोच चालीने जात नाही. कृष्णरावांची निष्ठा निर्मळ होती, त्यांचे परिश्रम असामान्य होते. त्या प्रसंगातून आम्हास मिळणारा बोध मात्र असा की, समूहगानासाठी सर्वांच्या गळ्याला झेपणारे स्वर पुरेसे होत नाहीत. शब्दही सर्वांच्या मनाला पटावे लागतात. दुसऱ्याला आपले गाणे म्हणण्यास बोलाविणे ही एकोप्याची पहिली पायरी नव्हे. दुसऱ्याचे गाणे कोणते आहे हे विचारणे, ही पहिली पायरी होय.

ती पायरी कृष्णरावांनी सहा वर्षांनंतर चढली. बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीची पूर्वतयारी चालू होती. मे 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झालेली होती. नवदीक्षितांसाठी बाबासाहेब स्वतः पूजापाठाची पाली आणि मराठी संहिता सिद्ध करीत होते. लाखो माणसे जुने देव, जुने विधी आणि जुने पुरोहित सोडून येणार, तर त्यांच्या हाती नवा आचार द्यावा लागणार, हे त्यांनी ओळखले होते. धर्मांतराचा निर्णय बुद्धीने झाला तरी तो रोजच्या जीवनात रुजण्यासाठी सामूहिक उच्चाराची गरज असते. स्वतः बाबासाहेबांना संगीताची ओढ होती. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, त्यामुळे घरात भजने होत. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकण्याचाही प्रयत्न केला होता. अशा जाणत्या पुरुषाने बुद्धवंदनेच्या संगीतासाठी मास्टर कृष्णरावांची निवड केली.

कृष्णरावांनी ते काम स्वीकारले आणि त्यासाठी पाली भाषेचा अभ्यास केला. ही गोष्ट लहान वाटते, पण आमच्या मते त्यांच्या साऱ्या चरित्रात हीच सर्वांत मोठी आहे. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. नाव, मान आणि शिष्यपरिवार मिळालेला होता. संस्कृत उच्चारांच्या बळावर पाली शब्द जसे येतील तसे म्हणून टाकणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु पालीचे उच्चार संस्कृतचे नव्हेत. तिची जोडाक्षरे निराळी, अनुस्वारांचे स्थान निराळे, ऱ्हस्वदीर्घांचा तोल निराळा. शब्दाचे वजन कळल्यावाचून स्वराचे वजन ठरत नाही. वेदपठणाचे संस्कार असलेल्या घरातील हा गायक बुद्धवचनांच्या भाषेचा विद्यार्थी झाला. ज्या भाषेला वैदिक परंपरेने कधी मान दिला नाही, तिच्यासमोर तो आदराने बसला. भास्करबुवांनी तीन उस्तादांसमोर जे केले तेच शिष्याने येथे केले.

1956 साली ही बुद्धवंदना स्वरबद्ध झाली आणि तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबर रोजी आपल्या नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लक्षावधी अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. सावनेर, कळमेश्वर, काटोल, रामटेक या परिसरातील आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील अनेकांनी त्या दिवशी पायी नागपूर गाठले होते. 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरका झालेला समाज त्यानंतर ज्या आधारांवर उभा राहिला, त्यांत सामूहिक वंदनेचाही वाटा आहे.

कोणी असा अर्थ काढू नये की, आमच्या समाजाला गाणे बाहेरून मिळाले. गाणे आमच्याजवळ होतेच. मोहप्याचे किसन फागोजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नागपुरात कवितेतून आणि शाळांतून समाज जागा केला. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगाव आंबेडकरी विचार नेला. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी पुढे त्या परंपरेला शिखरावर नेले. कृष्णरावांनी या समाजाला गावयास शिकविले नाही. या समाजाने स्वतःच्या निर्णयाने स्वीकारलेल्या शब्दांची त्यांनी सेवा केली. त्यांनी त्यात आपला पंथ मिसळला नाही, आपले दैवत आणले नाही आणि शब्द बदलले नाहीत. मालकी समाजाची राहिली. म्हणूनच हा एकोप्याचा प्रसंग आम्हास प्रामाणिक वाटतो.

आपल्या विदर्भातच समूहस्वराचा आणखी एक मोठा प्रयोग याच काळात चालू होता. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. जात आणि पंथ बाजूला ठेवून गावाने सायंकाळी एकत्र बसावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचा मार्ग आणि बाबासाहेबांचा मार्ग एक नव्हे, आणि ते एक होते असे भासविण्याची आवश्यकताही नाही. परंतु एकत्र बसल्यावाचून एकत्र गाता येत नाही, आणि एकत्र बसणे हेच अस्पृश्यतेला पहिले आव्हान असते, हे दोन्हीकडच्या अनुभवाने दाखवून दिले.

कृष्णरावांचे उत्तरायुष्य अध्यापनात आणि लेखनात गेले. ‘रागसंग्रह’ या मालेचे सात भाग त्यांनी सिद्ध केले. राम मराठे, योगिनी जोगळेकर यांच्यासारखे शिष्य घडविले. कन्या वीणा चिटको यांनी त्यांचा संगीताचा वारसा चालविला. 1971 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि पुढे संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले अधिछात्र केले. 20 ऑक्टोबर 1974 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नाट्यपदांची आणि चित्रपटगीतांची आठवण महाराष्ट्राने ठेवली. बुद्धवंदनेच्या कार्याची आठवण मात्र तितकीशी राहिली नाही. संगीताच्या इतिहासात ती एका ओळीत येते आणि आमच्या बाजूलाही अनेकांना ती ठाऊक नसते. स्मरणिकेचे काम स्मरण ठेवण्याचे असते. म्हणून आम्ही ती येथे सविस्तर नोंदविली.

या चरित्रातून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? गाण्याने अन्याय मिटत नाही. पाण्याचा हक्क महाडच्या तळ्यावर मागावा लागला, मंदिराचे दार काळारामासमोर ठोठवावे लागले आणि समतेचा अधिकार संविधानात लिहावा लागला. वितुष्टाचे कारण कायम ठेवून गाण्याचा कार्यक्रम केला तर तो देखावा ठरतो. परंतु हक्क लिहिले गेल्यानंतरही माणसांच्या मनांत जे अंतर उरते, ते कायद्याने पार होत नाही. तेथे कोणीतरी पुढे होऊन दुसऱ्याची भाषा शिकावी लागते, दुसऱ्याच्या लयीत आपला श्वास बसवावा लागतो. ज्याच्या बाजूला आजवर मान होता त्याने हे आधी करावे. कृष्णरावांनी तसे केले.

आमच्या वसतिगृहात निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या समाजांतून मुले येतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा स्वर वेगळा असतो. कोणी घाई करतो, कोणी मागे राहतो, कोणी संकोचाने ओठच हलवितो. काही दिवसांनी त्यांची लय जुळते. ती कोणी दटावून जुळत नाही. शेजारच्याचा आवाज ऐकण्याची सवय लागते, म्हणून जुळते. माजी विद्यार्थी आज गावोगावी शिक्षक, कर्मचारी, शेतकरी आणि कामगार म्हणून उभे आहेत. त्यांनी ही सवय आपल्या गावी नेली असेल, अशी आमची श्रद्धा आहे. पालकांना आमची विनंती आहे की, आपल्या पाल्याला वंदनेचे शब्द पाठ आहेत का एवढेच पाहू नका. त्याला शेजारच्या घरचे एखादे गाणे येते का, हेही विचारा. येत नसेल तर ते शिकण्यास त्याला पाठवा.